खराट्याच्या काडीचं माप

अहेरीच्या बाजारात चपला घ्यायला येणारे कितीतरी लोक पाय आणतच नाहीत. घरच्या म्हातारीच्या पावलाएवढी काडी तोडून आणतात, चपलेवर धरून पाहतात आणि भाव करतात. लागली नाही, तर पुढच्या बाजारी बदलून मिळते. मी घासाघीस याच बाजारात शिकले आणि स्वतःच्या हिमतीवर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. म्हणून चंद्रपूरच्या त्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

वनरक्षक भरतीच्या फॉर्मची मुदत संपायला तीन दिवस होते. माझा एकुलता एक कॉम्प्युटर एक पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. आजूबाजूच्या गावांतल्या बावीस पोरींचे कागद मी ठेवून घेतले होते. छातीठोकपणे म्हणाले होते, "माझ्यावर सोडा, घरी जा."

रॅम वाढवली की मशीन पळेल, एवढं मला माहीत होतं. डबा उघडला. एका स्लॉटमध्ये जुनी रॅम होती, शेजारचा रिकामा. जुनी काढून नेली तर दुकान बंद. मग मी मशीन बंद करून रिकाम्या स्लॉटवर खराट्याची काडी धरली आणि बरोबर लांबीची तोडली. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की चंद्रपूरच्या एसटीत खिडकीशी बसून एकटीच हसत होते.

दुकानदाराने विचारलं, "बाई, डीडीआर थ्री पायजे का फोर?"

"भाऊ, नंबर सांगून भाव चढवून राह्यले काय? हे माप घ्या, या मापाची द्या."

त्याने काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रॅमची एक पट्टी पुढे केली. काडीला अगदी तंतोतंत! मी तासभर भांडून भाव पाडला आणि राज्य जिंकल्यासारखी परतले.

माझ्या दुकानात येऊन लावायला गेले, तर पट्टी स्लॉटमध्ये बसेना. उलटी केली, सुलटी केली, शिव्या घातल्या. मग दिसलं. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि स्लॉटमध्ये तिच्यासाठी एक उंचवटा. लांबी तीच, पण माझ्या पट्टीची खाच दोनचार मिलिमीटर सरकलेली. माझा बोर्ड डीडीआर थ्रीचा, पट्टी फोरची. अंगठा जिंदगीभर दाबला असता तरी ती आत गेली नसती.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. या वेळी काडीवर उंचवट्याच्या जागी ब्लेडने खाच पाडून नेली.

"वापस नाई होत," त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"आमच्या बाजारात चपलेवाला बदलून देते. तुम्ही त्याच्याहून लहान झाले काय?"

"चपलेवाल्यानं इच्यारलं असतं डावा का उजवा, तर त्याच्यावरही भडकल्या असत्या काय बाई?"

दुकानातले सगळे हसले. मला संताप आला आणि त्यातच मलाही हसू फुटलं. तेवढ्यात त्याने खणातून एक जुनी पट्टी काढून काडीशेजारी ठेवली. लांबीशी लांबी, खाचेशी खाच.

"घ्या, ही थ्री. बदलून देतो. पण काडी मले ठेवू द्या."

"जुनी पट्टी नवीच्या भावात? वरचे पैसे?"

"ते समजवायची फी!"

एसटीची वेळ झाली होती, बावीस पोरी डोळ्यांपुढे होत्या. भांडण अर्धवट सोडून मी पळाले. तेवढंच एक भांडण मी आयुष्यात अर्धवट सोडलं.

पट्टी बसली. दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक टक' करून आपोआप मिटल्या आणि मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत बाविसावा फॉर्म गेला. तो जिचा होता ती पोरगी माझ्याच टेबलाशी बसून चिवडा खात होती. पावती छापून बाहेर आली, तशी तिने मला कमरेला धरून गोल फिरवलं.

तीच पोरगी पुढे मैदानी चाचणीला चंद्रपूरला गेली आणि येऊन सांगू लागली, "बाई, त्या दुकानात तुमची काडी काचेखाली ठेवून हाय. गिऱ्हाइकाले दाखवून समजवते तो."

माझी काडी, माझी खाच आणि फी त्याने घ्यायची! पुढच्या खेपेला काडीचं भाडं मागणार आहे.