प्रज्ञाची खोडलेली ओळ

प्रज्ञा गेल्याचं मला सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या माझ्या क्लिनिकमध्ये कळलं. एका आजींचा खांदा हलवून बघत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला आणि तिच्या बहिणीचा निरोप दिसला... जळगावात सकाळी मैदानावर जाताना हायवेला ट्रकने स्कूटर उडवली. जागेवरच गेली. चौतीस वर्षांची होती. मी आजींचे उरलेले व्यायाम करून घेतले, त्यांना पुढची वेळ दिली आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. रडू आलं नाही. संध्याकाळी आमच्या सिंगापूरच्या ओळखीतल्या लोकांच्या ग्रुपवर तिच्या जुन्या साहेबांनी लिहिलं, की प्रज्ञा फार गुणी मुलगी, खेळावर तिचं निस्सीम प्रेम, कंपनी तिला कधीच विसरणार नाही. खाली जोडलेले हात. त्याखाली आणखी पंधरा-वीस जणांचे जोडलेले हात. तेव्हा जो संताप आला, तो दीड महिना झाला तरी उतरलेला नाही. तो उतरायच्या आत हे लिहायचं आहे.

इथल्या क्लेमेंटी भागात एकाच फ्लॅटमध्ये आम्ही शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी पुण्याची, फिजिओथेरपिस्ट. ती जळगावची, एसटीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकची मुलगी. शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली, राज्याच्या संघात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी, होती. इथल्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकली आणि तिला जी नोकरी लागली ती आमच्यापैकी कुणालाच धड कळत नसे. अमेरिकेतले मोठे बेसबॉल क्लब खालच्या लीगमध्ये शेकडो तरुण पोरं पोसतात. ही पोरं लहान लहान गावांतून बसने फिरत खेळतात, एकेक पायरी चढतात, आणि अगदी थोडी शेवटी मेजर लीगमध्ये पोचतात. कोण पोचेल हे आधी कळावं म्हणून क्लब जिवाचा आटापिटा करतात. प्रज्ञाची कंपनी त्यांना तो अंदाज विकायची आणि अंदाज करायची प्रज्ञा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मी डबा भरत असताना ती चहाचा मग घेऊन लॅपटॉपसमोर बसलेली असे. खेळाडूला द्यायचे गुण शंभरपैकी नसत. वीसपासून ऐंशीपर्यंतची पट्टी, पन्नास म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. आकडे तिला तोंडपाठ असत, पण ती म्हणायची, “आकडे सांगतात तो आज काय आहे. मला तो दमल्यावर कसा खेळतो ते बघायचं असतं.” एका जाड्या, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय असलेल्या पोराला तिने साठ दिले होते. दोन वर्षांनी तो पोचला. त्या दिवशी ती लिटिल इंडियातून जिलबी घेऊन आली आणि आमच्या चिनी घरमालकीणबाईंना तिने ती आग्रह करकरून खाऊ घातली. त्या पोराला हिचं नावही ठाऊक नव्हतं.

मग तो कॅरिबियन बेटावरचा पिचर आला. एकोणीस वर्षांचा, चेंडू असा फेकायचा की दिसायचाच नाही. सगळे त्याच्यावर फिदा. प्रज्ञाने एका सकाळी मला हाताला धरून बसवलं आणि चित्रण थांबवून थांबवून दाखवलं. चौथ्या-पाचव्या डावानंतर तो दर चेंडूला हात झटकत होता, बोटं उघडत-मिटत होता. “तू रोज कोपरं बघतेस, सांग.” मी म्हटलं, नुसतं चित्र बघून खात्रीने सांगता येणार नाही, पण माझ्याकडे आला असता तर मी त्याला आधी थांबवलं असतं. तिने पंचेचाळीस दिले आणि खाली लिहिलं, की याला आत्ता विश्रांती द्या, कोपर तपासा, असाच फेकत राहिला तर हा वर पोचणार नाही.

अहवाल बाहेर गेला तेव्हा त्यात सत्तर होते. ती ओळ नव्हती. नाव मात्र प्रज्ञाचंच. त्याच्या क्लबला तो पोरगा दुसऱ्या क्लबच्या गळ्यात मारायचा होता आणि त्यासाठी चांगला कागद हवा होता. ती विचारायला गेली तेव्हा साहेब आवाज न चढवता म्हणाले, “तो पोचेल की नाही एवढंच तुला विचारलंय. त्याची काळजी घ्यायला तुला ठेवलेलं नाही.” हेच ते साहेब... ज्यांचे हात ग्रुपवर जोडलेले होते.

आणि आता माझं. तिने माझ्याकडे एक पान मागितलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला जे दिसलं तेवढंच लिहून दे, म्हणाली. मी नाही म्हटलं. मी त्याला तपासलेलं नाही, माझं रजिस्ट्रेशन आहे, माझाही इथे काम करायचा पास आहे, असं सगळं सांगितलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण मी घाबरले होते, हे त्याहून खरं. ती म्हणाली, “बरं. चहा तरी घे.” ती रागावली असती तर आज मला सोपं गेलं असतं.

तिने एकटीने त्या दुसऱ्या क्लबला आपला मूळ अहवाल पाठवला. उत्तर आलं नाही. कंपनीला मात्र कळलं. करार मोडला म्हणून नोकरी गेली आणि नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पासही. महिन्याभरात गाशा गुंडाळायचा होता. या ग्रुपमधल्या एकानेही तिला फोन केला नाही. एका गृहस्थांनी मला मात्र समजावलं, की कामात इतकं भावनिक व्हायचं नसतं. त्याच मोसमात त्या पोराच्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिलं. प्रज्ञाने जळगावहून फोनवर मला हे सांगितलं. मी म्हटलं, तू बरोबर होतीस. ती म्हणाली, “बरोबर असून काय करू? तो एकोणीस वर्षांचा होता गं.”

तिकडे ती एका शाळेच्या मैदानावर मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होती. दिवसाला चाळीसच्या वर चेंडू कुणालाच टाकू देत नाही, स्वतः मोजते, असं फोनवर सांगायची. तीन वर्षं मी “येते, येते” म्हणत राहिले. गेले ती तिच्या पुण्यानुमोदनाला. तिचे बाबा दारातच म्हणाले, “जयभीम, ताई. तुमचं नाव नेहमी निघायचं.” कोणत्या संदर्भात, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बहीण मला मैदानावर घेऊन गेली. शिकवणारं कुणी नव्हतं, तरी बारा-तेरा मुली आल्या होत्या. आठवीतली एक उंच मुलगी भिंतीवरच्या खडूच्या चौकोनात चेंडू फेकत होती. छान लय लागली होती तिला, पाहतच राहावंसं वाटत होतं. अचानक तिने चेंडू बादलीत टाकला. बाकीच्या ओरडल्या, अजून टाक ना, मस्त पडतायत. “चाळीस झाले,” ती म्हणाली आणि सावलीत येऊन बसली. मी तिला विचारलं, आता मोजतं कोण? तिने माझ्याकडे जरा नवलानेच बघितलं.

“मीच,” ती म्हणाली आणि बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून कोपराला गुंडाळू लागली.