मेथी नव्हे

हे गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी फ्रीजर आवरायला काढला. तळाशी दह्याचा जुना प्लास्टिकचा डबा होता आणि झाकणावर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मेथी नव्हे.’ मी स्टूल ओढून तिथेच बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत नोव्हायला राहायला आलो. हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते, पण जीव घरी बिअर करण्यात. तो नाद शेजारच्या म्हाताऱ्याने लावला. त्याच्या कुंपणावर हॉप्सचा वेल होता. बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो ह्या वेलाच्या हिरव्या फुलांमुळे. आपल्या अंगणात लावायला ह्यांना त्या वेलाच्या मुळाचा एक तुकडा हवा होता. म्हातारा म्हणाला, “आधी पिण्याजोगी आयपीए करून दाखव, मग देतो.”

“इंडिया पेल एल! नावातच इंडिया आहे,” हे घरी येऊन मला म्हणाले. “नापास झालो तर देशाची अब्रू जाईल.”

दुकानात हे हॉप्स तळहातावर चोळून इतका वेळ हुंगायचे, की मी संकोचून गाडीत पुस्तक वाचत बसायचे. अखेर कॅस्केड जातीची वाळकी फुलं आणली. मोसंबीच्या सालीसारखा वास. अर्धी उकळीच्या सुरुवातीला, कडूपणासाठी. अर्धी अगदी शेवटी, वासासाठी. आपण कोथिंबीर शेवटी घालतो, तसंच. ती शेवटची अर्धी मी चुरून दह्याच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली. आमच्याकडे दही सोडून सगळंच दह्याच्या डब्यांत असायचं.

“अगं, पाच मिनिटं राहिली! ओत तो डबा!” पातेलं ढवळत हे ओरडले. वाफेने दोघांचेही चष्मे धुरकटले होते. मी ओतला.

संध्याकाळी कसुरी मेथी घालून बटाट्याची भाजी केली. ह्यांनी घास घेतला, पाणी प्यायले. “यंदाची मेथी कडू निघाली,” म्हणाले, आणि ताट संपवलं. मग मी चाखली. मोसंबीच्या सालीचा वास आला.

बिअर तयार व्हायला तीन आठवडे लागले. आज सांगायचंच, असं मी रोज ठरवायचे. पण नुकतं बर्फ वितळलं होतं, आणि हे रोज कुंपणाशी जाऊन वेल लावायची जागा बघून यायचे. माझं तोंड उघडेना.

शेवटी म्हातारा आला. घोट घेतला, ग्लास हुंगला. “शेवटी काय घातलंस?”

“कॅस्केड,” हे ताठ मानेने म्हणाले.

“मग पॅनकेकवरच्या मेपल सिरपचा वास का येतोय?”

ह्यांचा चेहरा इतका पडला, की मला राहवेना. “ती मेथी आहे. चूक माझी,” मी म्हणाले. “कॅस्केड आम्ही बटाट्यात खाल्लं.”

म्हातारा वळून ह्यांच्याकडे बघत राहिला. “आणि तू ते खाल्लंस?”

“वाढलं होतं,” हे म्हणाले.

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. “बिअर नापास,” डोळे पुसत तो म्हणाला. “पण जो माणूस असलं ताट संपवतो, त्याच्या हातून वेल मरायचा नाही.” आणि फावडं आणायला गेला.

आमच्या वेलाची पहिली फुलं वाळली, तेव्हा हे मार्कर घेऊन बसले.

डब्यात ह्यांनी वाळवलेली शेवटची मूठभर फुलं होती. झाकण लावून मी तो परत तळाशी ठेवला. शेजारी मेथीचा डबा आहे. त्याच्यावर अजून काहीच लिहिलेलं नाही.