उघडं कपाळ

आमच्या छोट्या लाईनच्या गाडीत बायका आधी कपाळ बघत आणि मग सरकून जागा देत. माझं कपाळ उघडं, म्हणून मला जागा जरा ऐसपैसच मिळे. नवरा थट्टा करी, "ख्रिस्ती झाल्याचा एवढा तरी फायदा झाला की नाही?" मीही हसे. त्या थट्टेवर हसणं एका दिवसात बंद झालं, तो दिवस सांगते.

आम्ही अर्जुनीच्या पलीकडे एका खेड्यात राहत होतो. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता आणि रविवारी मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनाही तोच चालवी. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून बाप्तिस्मा घेतला होता. त्या सकाळी मी माझ्याच पदराने कुंकू पुसलं. कुणी हात धरून पुसायला लावलं नाही. देव एक आहे आणि कपाळ त्याचं आहे, हे मला पटलं होतं आणि पटलेली गोष्ट अर्धी करायची माझी सवय नाही. पण माझी माय अंगणात बसून ऊर बडवून घेत होती.

"नवरा जिता असून कुकू पुसून राहिलीस काऊन वो? हे पुसनं तुले एक दिवस भोवल, पाहून घे!"

मी तिला फटकन म्हटलं, "भोवलं तर माझं मी बघीन." जीभ माझी तेव्हाही अशीच होती.

धान कापून झालं होतं, तेव्हाची गोष्ट. नवरा शाळा माझ्यावर सोपवून फळा आणायला गोंदियाला गेला होता. दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढे असताना स्टेशनावरचा पॉइंट्समन धावत आला. तो आमच्याच गावचा होता. दारातूनच म्हणाला, "मास्तरीनबाई, गोंद्यावरून निरोप आला. फळा बैलबंडीत टाकून मास्तर टेशनावर येऊन राहिले होते. बंडी उलटली. मास्तर आन बंडीवाला, दोघंबी खाली सापडले."

"मग?"

तो माझ्या तोंडाकडे बघेना. "दोघातला एक गेला म्हणते."

"कोण?"

"तेवढंच कळलं, बाई. तारेत तेवढंच होतं."

मी पोरांना शेजारी सोडलं आणि निघाले. सडकेने गेले असते तर गाडी चुकली असती, म्हणून धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्यांच्या अरुंद वाटेने पळत सुटले. एका ठिकाणी पाय निसटला आणि हातावर पडले. उठले तेव्हा दोन्ही हातांतल्या बांगड्यांचे तुकडे मातीत पडले होते. बांगड्या वाढल्या म्हणायचं असतं, फुटल्या म्हणायचं नसतं. पण त्या फुटल्याच होत्या. मनगटातून रक्त येत होतं आणि मला मायचे शब्द ऐकू येत होते.

गाडी मिळाली. डब्यात एका लग्नाच्या वऱ्हाडातल्या बायका होत्या, मधोमध नवी नवरी. उघडं कपाळ, मोकळे हात आणि मनगटाला रक्त असं ध्यान आत आलेलं पाहून त्यांनी नवरीला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं आणि तिच्या तोंडावर पदर ओढला. एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला वाटलं, यांना ठाऊक आहे. गेला तो माझाच आहे, आणि जगाला ते माझ्याआधी कळलेलं आहे.

एक म्हातारी तेवढी जवळ सरकली. तिने माझं मनगट आपल्या पदराने पुसलं.

"कधी गेला वो पोरी?"

"जिता आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

म्हातारीचा हात थांबला. "जिता आहे आन कपार उघडं? असं काऊन?"

मी तिला सगळं सांगितलं, बाप्तिस्माही आणि बंडीही.  मग कनवटीची डबी काढून तिने कागदाच्या तुकड्यावर चिमूटभर कुंकू घेतलं आणि पुडी माझ्या हातात कोंबली. "तुया देव मले ठाऊक नाई. पन लाव, माय. जीवापेक्षा मोठं काय आहे?"

सौंदड स्टेशन येईपर्यंत पुडी मुठीत होती. लावावं असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? लावलं आणि तो जगला, तर मी देवाला काय सांगणार? नाही लावलं आणि तो गेला, तर मायला काय सांगणार? शेवटी पुडी पदराच्या गाठीत बांधली आणि डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. ती मला झोपेतही येते. पण सगळं तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, या ओळीशी आले की जीभ अडायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा तिथेच अडायची. मला त्याच्या इच्छेप्रमाणे नको होतं. माझ्या मनात एकच चाललं होतं, गेलेला तो दुसरा असू दे. बंडीवाला असू दे.

गोंदियाला उतरले आणि विचारत विचारत दवाखाना गाठला. दाराशी एक शिपाई होता. मी म्हटलं, "बंडी उलटली ना, त्यातल्या..." पुढे बोलवेना. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"इधर आओ, बाई. हिम्मत रखना."

मी त्याच्या मागे निघाले. तो मला वॉर्डात नेत नव्हता. वॉर्डाच्या बाजूने, परसातून, मागच्या टिनाच्या खोलीकडे नेत होता. आत चटईवर एक माणूस झोपवलेला होता, अंगावर डोक्यापासून चादर. पाय तेवढे उघडे होते. मी दाराची चौकट धरली आणि त्या पायांकडे पाहिलं. डाव्या घोट्याला काळा दोरा बांधलेला होता.

माझा नवरा शाळेतल्या पोरांचे गंडेदोरे कातरीने कापायचा. तो मेला तरी दोरा बांधून मेला नसता.

"हा माझा नाही," मी म्हटलं. आणि मला आनंद झाला. मेलेल्या माणसापुढे उभी राहून मला इतका आनंद झाला की तोंडावर पदर धरावा लागला. शिपाई बिचारा गोंधळला. "तो आप मास्टरजी की... फिर ये माथा..." म्हणाला.

परसातून परत आले तर वॉर्डाच्या ओट्यावर एक बाई बसली होती. माझ्याच वयाची. जाताना मी तिला पाहिलंही नव्हतं. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. जवळच्या नागरा गावाहून ती सकाळीच येऊन बसली होती, आणि तिचं कपाळ पाहून कुणीच तिला मागे नेलं नव्हतं. तिने मला त्या खोलीकडून येताना पाहिलं. उठली, जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुया गेला काय वो, माय?" म्हणाली, आणि माझ्यासाठी रडायला लागली.

  डब्यात बसून मी जे मागितलं होतं, ते माझे हात धरून उभं होतं.

शिपाई आला, बंडीवाला गेला असं त्याने तिला सांगितलं. तिने फोडलेला हंबरडा ऐकून आतून बायका आल्या. त्यांतल्या एकीने ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसलं. तिचं डोकं तेव्हा माझ्या मांडीवर होतं, माझ्या पदरावर. नवरा भिंतीपलीकडे जिता होता, तरी तिची माणसं येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मग आत गेले. पायाला बांबूच्या कामट्या बांधून नवरा पडला होता. मला पाहताच म्हणाला, "शाळा उघडी टाकून आलीस का?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारचा रोगी उठून बसला. मग रडले. मग सगळं सांगितलं, पुडीही आणि मनातलं मागणंही. ज्याला प्रत्येक गोष्टीवर बोलायला बायबलातलं वचन सापडायचं, तो माणूस माझ्या पदराकडे बघत राहिला. पदराची गाठ ओली होऊन कुंकू बाहेर आलं होतं. तांबडा डाग पसरला होता, पण त्यात गाठीतलं किती आणि तिच्या कपाळावरचं किती, ते कळत नव्हतं. त्याने डागाला हात लावून पाहिलं. "लावलं होतंस?"

"लावलं नाही. फेकलंबी नाही."

"राहू दे," तो म्हणाला.

डाग धुऊन निघाला नाही. नवरा काठी टेकत चालायला लागला, त्या पहिल्या रविवारी मी तेच लुगडं नेसून देवळात गेले. दुसरं चांगलं नव्हतंच. तो पुढे उभा राहून प्रार्थना सांगत होता, मंडळी मागून म्हणत होती. तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, त्या ओळीशी आला आणि त्याची नजर माझ्या पदरावर पडली. तो थांबला. देवळात चिमण्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा उठून त्याला स्टूल द्यायला गेला. मंडळीला वाटलं, मास्तरचा पाय दुखतो.