खानावळीची पुढची खोली

यंदा व्यावसायिक जागेचा मालमत्ता कर पुन्हा वाढला. ताट महाग केलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं, म्हणून मी खानावळीची पुढची खोली बंद करून फक्त डबे द्यायचं ठरवलं. टेबलं उचलताना रोज जेवायला येणारे एक विधुर काका दारात थांबले.

“काका, उद्यापासून डबा घरपोच येईल. चव तीच राहील.”

“चवीचं नाय हो ताई. अजून अर्धी भाकरी घ्या, असं डबा म्हणणार हाय का?”

आमच्याकडं आग्रह केल्याशिवाय कुणाला उठू देत नसत. एक टेबल ठेवावं, असं वाटलं. पण एका टेबलापायीही खोली व्यावसायिकच धरली जाते. मी काकांना डब्याची वेळ विचारली आणि शेवटचं टेबल बाहेर काढलं.