बाबांचा आणि आत्याचा उजवा हात

बाबा दाढी करत होते आणि त्यांच्या हातातून वस्तरा पडला. पडवीत आरसा टांगलेला, खाली वाटीत पाणी. मी कामावर निघाले होते. आवाज ऐकून वळले, तर ते वस्तरा उचलायला वाकलेसुद्धा नव्हते. आरशात बघत तसेच उभे राहिले, मग उजवीकडे कलंडत सावकाश खाली बसले. अर्ध्या गालावर साबण तसाच. "काय झालं?" मी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. आम्ही रत्नागिरीत मांडवीला राहत होतो. बाबांची सारी नोकरी मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत गेली होती आणि घरी येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. शेजाऱ्यांची रिक्षा होती, म्हणून पाऊण तासाच्या आत आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्तदाब तीनदा मोजला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते लालसर होतं. "मेंदूत रक्तस्राव झालाय," ते आईला म्हणाले, "डाव्या बाजूला. म्हणून उजवं अंग आणि वाचा गेली. आता त्या रक्ताभोवती सूज येईल. चार-पाच दिवस जड आहेत."

"मुंबईला न्यावं का?" मी विचारलं.

"तिथे डोक्याच्या आतला फोटो काढणारं यंत्र आहे. पण या अवस्थेत दहा-बारा तासांचा रस्ता... मी माझ्या वडलांना नेलं नसतं."

ते पाच दिवस मी बसले म्हणून नाही. व्हरांड्यात येरझारा घालायचे, पुन्हा आत येऊन त्यांची छाती हलते का बघायचे, पुन्हा बाहेर. तिसऱ्या दिवशी हाकेला डोळे उघडणं त्यांनी बंद केलं. डॉक्टर म्हणाले, सूज. सहाव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि आईकडे पाहून म्हणाले, "चल."

तेवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला. पाणी हवं असलं तरी चल, ऊन टोचलं तरी चल, राग आला तरी चल. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. घरी आणल्यावर आई त्यांना भरवायची, पुसायची, तेल लावायला एक माणूस रोज यायचा. भेटायला येणारे गादीशेजारी बसून त्यांच्याशी मोठ्याने बोलत, जणू कान गेलेत. पाण्याचा पेलासुद्धा कुणी त्यांना डाव्या हाताने उचलू देत नव्हतं.

भातकापणीच्या दिवसांत सावर्ड्याहून आत्या आली. बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्यांची सख्खी बहीण. भेटायला नव्हे, दवाखान्यात दाखवायला तिचा मुलगा तिला एस.टी.ने घेऊन आला होता. मी दारातच होते. आत्या स्वतःच्या पायांनी पायरी चढली, पण उजवा पाय घासत. एरवी उजव्या हातात असायची ती पिशवी तिने डाव्या हातात धरली होती.

"पित्त झालंय गो," ती म्हणाली. जीभ जड. "तीन दिवस डोकं ठणकतंय. उलट्या झाल्या."

"आणि हात?"

"हाताला मुंग्या आल्यात. वाटण वाटताना वरवंटा धरवेना, मग डाव्या हाताने वाटलं."

तीन दिवस. मी तिच्या मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "तीच म्हणाली, पित्त आहे. कापणी चालू होती." त्याचा चेहरा पडला होता. मी शेजाऱ्यांची रिक्षा बोलवायला गेले.

दवाखाना तोच, डॉक्टर तेच. आत्याच्या पाठीतून काढलेलं पाणी पिवळट निघालं. रक्त तीन दिवसांचं जुनं झालं की तसं दिसतं, ते म्हणाले. बाजूही तीच, डावी. मी वाट बघत बसले की आता सूज चढेल, आता ती हाकेला उत्तर द्यायची थांबेल. ती थांबली नाही. आठव्या दिवशी जीभ सैल झाली. पंधराव्या दिवशी तिने उजव्या हाताने चादरीचं टोक चिमटीत धरलं.

तिथून पुढे महिनाभर ती आमच्याकडे होती. एका खोलीत भाऊ, पडवीत बहीण. संध्याकाळी ती बाबांजवळ येऊन बसे आणि त्यांचा हात आपल्या हातात घेई. बाबा तिच्या बोटांकडे बघत राहत. एकदा त्यांनी डाव्या हाताने तिची बोटं एकेक करून उलगडली, मिटली, पुन्हा उलगडली, आणि मग त्याच हाताने आपला उजवा हात उचलून आदळला. "चल," म्हणाले, आणि रडले. आत्या उठून परसात गेली ती दिवेलागणीपर्यंत आत आली नाही.

माझं कामात लक्ष लागेना. एक्स्चेंजमध्ये कॉल जोडताना चुका व्हायला लागल्या. एकाच आईबापांची मुलं. ज्याला तासाभरात नेलं त्याची वाचा गेली, आणि जी तीन दिवस वाटण वाटत राहिली ती बोलते. आईकडे याचं उत्तर होतं. "बाईचा जीव चिवट असतो." शेजारीणही तेच म्हणाली. मला ते उत्तर पटत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. शेवटी एका दुपारी डॉक्टरांकडे एकटीच गेले.

"बायकांच्या मेंदूला कमी इजा होते का?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आम्हाला तसं कुणी शिकवलेलं नाही. स्राव किती झाला आणि कुठे झाला, त्यावर सगळं असतं. तुमच्या आत्याचा कदाचित लहान असेल. यंत्राशिवाय मला सांगता येणार नाही."

"पण तुम्ही इतके पेशंट बघता."

"बघतो. सूज पुरुषांना जास्त येते असं मलाही कधीकधी वाटतं." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "पण खरं सांगू? मी पुरेशा बायका पाहिलेल्याच नाहीत. पुरुष पडला की तासाभरात आणतात. बाई पडली की पित्त, अंगात आलंय, थकली असेल. ज्या सोसतात त्या तिसऱ्या दिवशी माझ्यापर्यंत पोचतात. ज्या सोसत नाहीत त्या घरच्या घरीच दगावतात. मग मला वाटतं, बायका सोसतात."

मी घरी चालत आले. बुरोंडीच्या माझ्या मावशीची आठवण येत राहिली. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली आणि उठलीच नाही. वाऱ्याने गेली, बाहेरची बाधा झाली, असं सगळे म्हणाले होते. कुठल्याच डॉक्टरने तिला पाहिलं नव्हतं.

आत्या सावर्ड्याला परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढे बसली. सगळे म्हणत, बघा, किती छान बरी झाली. शिमग्याच्या आधी मी तिला भेटायला गेले. ती पाटावर बसली होती, पुढे तांदळाचं पीठ, बाजूला गरम पाणी, आणि ती नुसती बघत होती. मला पाहून हसली आणि पीठ पुन्हा डब्यात ओतलं. नंतर आमटी पानात पडली, ती खारट झाली होती.

सून पाण्याला गेल्यावर मी विचारलं, "आत्या, खरंच बरी आहेस ना?"

"हात चालतो गो. बोलता येतं." ती पदराशी चाळा करत राहिली. "पण आधी काय करायचं न् मग काय, ते सुटतं. मीठ घातलं की नाय, आठवत नाय. भाकरी थापायला बसत्ये न् मला कळत नाय की पुढे काय. मग रडायला येतं. उगाच येतं."

"घरात सांगितलंस?"

"काय सांगू? ती सगळी म्हणतात, बरी झालीस. तुझ्या बापाचं दिसतं तरी."

मी तिच्या मुलाला आणि सुनेला बसवून सांगितलं की हे नाटक नाही, आळस नाही, डोक्याला झालेल्या जखमेचं आहे. सुनेने ऐकलं. त्यानंतर स्वयंपाकाला ती आत्याच्या शेजारी बसू लागली आणि काम एकेक करून सांगू लागली. आत्या त्यानंतर चार वर्षं जगली. दुसऱ्या झटक्याला तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं होतं, पण उपयोग झाला नाही. बाबा तिच्यामागे तीन वर्षं होते. शेवटपर्यंत एका शब्दावर.

कुणाला जास्त इजा झाली होती, हे मला आजही सांगता येत नाही.

शिमग्याआधीच्या त्या भेटीनंतर सावर्ड्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आईला म्हटलं, चल, तुझा रक्तदाब बघून येऊ. तेव्हा कळलं की तिचा तो आजवर कुणी मोजलेलाच नाही. ज्या डॉक्टरांसमोर ती महिने न् महिने उभी होती त्यांनीही नाही, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं.

"मला काय धाड भरल्येय?" आई म्हणाली. "यांना भरवायचं आहे."

"परत आल्यावर मी भरवते. तू रिक्षात बस."

तिने चपला शोधायला बराच वेळ लावला. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधल्यावर ती डोळे मिटून बसली, लस टोचणार असल्यासारखी. डॉक्टरांनी आकडा वाचला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाले, "आजपासून रोज सकाळी एक गोळी. चुकवायची नाही."

घरी पोचल्यावर म्हणाली, "हे तुझ्या बाबांना सांगू नको." आणि गोळीची पट्टी तिने चहाच्या डब्यामागे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जायला उशीर केला आणि तिने गोळी गिळेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.