डॉर्काथेरियमचा जबडा

भावाचे सर त्याचं सामान घेऊन नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या घरी आले, तेव्हा आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दार उघडून ती त्यांच्या मागे जिन्याकडे बघत राहिली. अजून कोणी वर येतंय का, ते.

माझा धाकटा भाऊ जीवाश्मांवर संशोधन करायचा. दर हिवाळ्यात सरांबरोबर हिमाचलच्या पायथ्याच्या टेकड्यांत जायचा आणि उन्हं तापायला लागली की काळाकुट्ट होऊन परत यायचा. या वर्षी त्यांचं काम लांबलं. वर डोंगरात कुठेतरी अवकाळी पाऊस झाला आणि ज्या कोरड्या ओढ्यात ते खोदत होते त्याला अचानक लोंढा आला. बाकीचे सगळे वर जीपपाशी होते. भाऊ खाली होता. पोलिसांनी शोधलं, गावकऱ्यांनी शोधलं, आमचा मामा इथून जाऊन महिनाभर तिथे राहिला. एक बूट मिळाला. मी जाऊ शकले नाही, कारण बातमी ऐकल्यापासून आई हॉस्पिटलमध्ये होती.

सरांनी पिशवीतून कपडे काढले, टोपी काढली, चार्जर काढला. शेवटी प्लास्टरमध्ये गुंडाळलेला नारळाएवढा एक गोळा माझ्यासमोर ठेवला.

"हा त्यानं त्याच दिवशी सकाळी काढला," ते म्हणाले. "खरं तर असं बाहेर द्यायचं नसतं. पण तो सारखा म्हणत होता, ताईकडूनच साफ करून घेणार."

मला माहीत होतं. मी दातांची डॉक्टर. त्या दिवशी अकराच्या सुमारास त्याचा फोन आला होता.

"ताई, तुझ्यासाठी पेशंट आणतोय. तोंड उघड म्हणावं लागणार नाही, फक्त दात बघ. असले सुंदर दात तू जन्मात पाहिले नसशील."

"फी कोण देणार?" मी विचारलं होतं. तो हसला. रेंज गेली.

"कसलं जनावर?" आईनं विचारलं. सर आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"डॉर्काथेरियम, काकू. हरणासारखं दिसायचं, पण हरीण नव्हे. शिंगं नव्हती. आपल्या जंगलात अजून पिसोरी असते ना, तिच्या नात्यातलं. लाखो वर्षांपूर्वीच संपलं."

"केवढं असायचं?"

सरांनी हातानं दाखवलं. सशापेक्षा थोडं मोठं.

"जबड्याची दुसरी बाजू अजून मातीत होती," ते खाली बघत म्हणाले. "मी म्हटलं, उद्या काढू. तो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या डोक्यावर तर आभाळ स्वच्छ होतं, काकू."

आई त्यांच्या पसरलेल्या हातांकडे बघत राहिली. "एवढ्याशासाठी?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुपारी माझा दवाखाना बंद असतो. त्या वेळात मी प्लास्टर कापलं आणि रोजच्याच हत्यारांनी माती खरवडायला लागले. पेशंटच्या दातांवरचं कीटण काढतो, तसंच. फक्त इथे कोणी आई गं म्हणत नव्हतं. मी रडायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा खरवडायचे. हळूहळू दाढा वर आल्या. काळसर, चकचकीत, प्रत्येकीवर चंद्रकोरीसारख्या कडा. भाऊ खोटं बोलला नव्हता.

थोड्या दिवसांनी आईही दुपारची दवाखान्यात येऊन बसायला लागली. पेशंटच्या बाकावर बसायची, माझ्या हातांकडे बघायची. घरी ती अजून त्याच्या नावाची पोळी लाटत होती. मामा विधींचं बोलला की उठून जायची. म्हणून ती इथे येते याचंच मला बरं वाटत होतं.

एकदा ती जवळ आली. "ही वेगळी दिसते," तिनं एका दाढेवर बोट ठेवलं.

"दुधाची दाढ आहे. बघ, तीन भागांची. आणि हा कपचा उडालाय ना, त्यातून खालची कायमची दाढ दिसते. यायच्या बेतात होती."

"म्हणजे पिल्लूच होतं."

"हो."

"हे खरं हाड आहे ना गं?"

"हो आई," मी म्हणाले. कामात होते. जास्त समजावत बसले नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आले तर कपाटात जबडा नव्हता. घरी धावले, तर आई नव्हती. फोन घरीच वाजत होता. मी वेड्यासारखी सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरले. खालच्या रिक्षावाल्यानं सांगितलं, "काकू पंचवटीला गेल्या. रामकुंडावर सोड म्हणत होत्या." द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबलेलं होतं आणि मी स्कूटरवर बसून नुसती हॉर्न दाबत होते.

रामकुंडात आई गुडघाभर पाण्यात उभी होती. साडी भिजलेली, पदरात जबडा. पायरीवर एक गुरुजी हात जोडून तिची समजूत काढत होते.

"आई, अहो, हा दगड आहे. इथे अस्थी सोडतात."

"दगडाला दात असतात का?" आई म्हणाली.

"देह मिळाला नसेल तर शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो. मी सगळं व्यवस्थित करून देतो. तुम्ही आधी वर या."

"पानांचा माणूस करू आणि त्याला माझा मुलगा म्हणू? हे निदान त्याच्या हातातलं आहे."

मी चपला न काढताच पाण्यात उतरले. "आई, दे ते इकडे."

तिनं पदर छातीशी धरला. "तो तिकडे कुठे पडलाय कोणाला ठाऊक. जगभरातली माणसं अस्थी घेऊन इथे येतात, आणि मी नाशिकमध्ये राहून माझ्याकडे सोडायला काही नाही. इथे हाडं विरघळतात म्हणतात. याचं काहीतरी विरघळू दे गं." मग एकदम माझा दंड धरला. "तू डॉक्टर आहेस. सांग मला. हे विरघळेल ना?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण ती माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, त्या डोळ्यांसमोर मला खोटं जमलं नाही.

"नाही आई. यातलं हाड केव्हाच गेलंय. त्याच्या जागी दगड भरलाय. हे कधीच विरघळणार नाही."

तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पुढच्या पायरीवरची माणसं वळून बघायला लागली. पदर तिच्या हातून सुटला आणि जबडा पाण्यात गेला.

मी खाली बसले. पाणी छातीपर्यंत आलं. तळाशी फुलं, राख, नाणी, कोणाकोणाची हाडं, सगळं हाताला लागत होतं. मी चाचपडत होते आणि आई वर रडत होती. शेवटी बोटांना ती कड लागली. दातांची कड मला न बघताही कळते. मी जबडा वर काढला, धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं आईला ओढत पायऱ्यांपर्यंत आणलं. दुधाच्या दाढेचा एक भाग तुटून गेला होता. तो मिळाला नाही.

सर जबडा न्यायला आले तेव्हा त्यांनी ती दाढ पाहिली. "हे आत्ता तुटलंय का?"

"माझ्या हातून," मी म्हणाले.

या खेपेला आईनं त्यांना चहा दिला. कप हातात देताना म्हणाली, "तुम्ही परत तिकडे जाणार?"

"हिवाळ्यात. जावं लागेल."

"मग मला न्या."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मीही नको म्हणणारच होते.

हिवाळ्यात आम्ही गेलो. चंडीगडपासून जीपनं. ओढा ठणठणीत कोरडा होता, पांढरे गोटे आणि वाळू. सरांनी लांबूनच जागा दाखवली आणि ते मागे थांबले. आई माझा हात धरून खाली उतरली. मला वाटलं होतं, ती तिथे बसेल, रडेल, कदाचित फूल वाहील. तिनं तोंडाभोवती हात धरले आणि त्याला हाक मारली. त्याच्या घरातल्या नावानं, लहानपणी संध्याकाळी गच्चीवरून जेवायला बोलवायची तशी.

ती हाका मारतच राहिली. वरच्या अंगाला गेली, खालच्या अंगाला गेली. सर मान खाली घालून उभे होते. दुपार कलायला लागली तसा तिचा आवाज फाटला, मग बसला. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

मग मी हाक मारली.