शीर चांगल्या प्रतीची

आमच्या भावजींना लोक डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्ती करायचे. "डॉक्टर नाही हो, असिस्टंट." जिन्यात, किराणा दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही. मी म्हणायचे, "अहो भावजी, म्हणू द्या की! तुमचं काय जातंय?" तर म्हणायचे, "वहिनी, आज डॉक्टर म्हणतील, उद्या औषध लिहून मागतील. मग मी काय करू?" इतका सरळ माणूस की कधीकधी माझंच डोकं फिरायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दोनदा हुकलेली, तोंड एवढंसं झालेलं. मग कुठून तरी फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सचं माहितीपत्रक घेऊन आले. गुळगुळीत कागद, त्यावर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली हसरी मुलं. तीन वर्षं शिकायचं, चौथं वर्ष इस्पितळात उमेदवारी, आणि पुढे म्हणे 'उज्ज्वल भवितव्य'. मी शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासलेत, गुळगुळीत कागद बघितला की मला आधी संशय येतो. पण आमचे हे म्हणाले, "जाऊ दे त्याला. रुग्णाजवळ बसायचंय ना त्याला, मग कुठल्या खुर्चीवर बसतो याला काय महत्त्व?"

गेले आणि शिकले, मन लावून शिकले. रुग्णाला काय होतंय ते विचारून घ्यायचं, तपासायचं, मोठ्या डॉक्टरांना चार वाक्यांत नीट सांगायचं, राउंडला मागे फिरायचं, टाके घालायचे, कागदपत्रं लिहायची. पुढे हृदयाच्या विभागात लागले आणि तिथेच एकवीस वर्षं काढली. त्यांचं मुख्य काम पायातली शीर काढण्याचं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या की पायातली एक शीर काढून तिचा नवा रस्ता करतात. छातीपाशी सर्जन, पायापाशी आमचे भावजी. लांबच लांब शीर अलगद सोडवायची, तिच्या बारीक बारीक फांद्या दोऱ्याने बांधायच्या, पाणी भरून कुठे गळत नाही ना ते बघायचं. सोळा सर्जन आले नि गेले, पण पायापाशी माणूस तोच.

त्यातल्या कितीतरी जणांना गाठ मारायला भावजींनीच शिकवलं होतं, खुर्चीच्या पायाला दोरा बांधून. शिकेपर्यंत ते भावजींना 'सर' म्हणायचे. मग कधीतरी ते 'अहो' व्हायचं आणि नावापुढे मोठी पदवी लागली की 'जरा इकडे या'. भावजी मात्र होते तिथेच. पहिल्या वर्षी असिस्टंट, एकविसाव्या वर्षीही असिस्टंट. मी चिडायचे. स्वतःची पाटी लावता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, सही कुठे चालत नाही, असलं कसलं शिक्षण? ते हसून म्हणायचे, "वहिनी, माझ्या शिरा चालतात ना, मग झालं."

आमचे हे अचानक गेले तेव्हा लेक बारा वर्षांची होती. भावजींनी लग्न केलेलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायचे. त्या वर्षापासून रोज संध्याकाळी सात वाजता दारात हजर. तिचा अभ्यास घ्यायचे, सायकल दुरुस्त करायचे, माझ्याकडून चार शिव्या खाऊन घरी जायचे. मग लेकीनेही तोच कोर्स घ्यायचं ठरवलं, यात नवल ते काय! मी भावजींवर उखडले. "तुम्हीच भरवलंत तिच्या डोक्यात! स्वतः अडकलात तेवढं पुरे नव्हतं का?" ते म्हणाले, "आता दिवस बदलताहेत. या लोकांची नीट नोंदणी होणार म्हणतायत." हे ते स्वतः शिकत होते तेव्हापासून म्हणत होते.

पण शिकवायचे छान. लेकीची नोंदवही तपासायचे. या मुलांना रोज काय पाहिलं ते एका वहीत लिहून ठेवावं लागतं. पान उघडलं की भावजी आधी वरचा कोपरा बघायचे. "तारीख कुठाय? वेळ कुठाय? तारीख नसलेली नोंद म्हणजे गप्पा." लेक वैतागायची, "काका, पुरे रे!" पण घालायची.

तिसऱ्या वर्षी तिला त्यांच्याच विभागात बघ्या म्हणून पाठवलं. पहिल्याच आठवड्यात एका शिंप्याचं ऑपरेशन होतं. साठीचा गप्पिष्ट माणूस. आदल्या दिवशी पाय तपासताना भावजींना म्हणाला, "टाके सरळ घाला बरं का, नाहीतर मी उसवून पुन्हा घालेन." भावजींनी हे घरी येऊन सांगितलं आणि आम्ही तिघंही हसलो.

ऑपरेशनच्या वेळी लेक भावजींच्या मागे स्टुलावर उभी होती. शीर बाहेर आली आणि भावजी थांबले. जागोजागी फुगलेली, भिंत जाड झालेली. त्यांनी मान वर करून सर्जनना सांगितलं, "सर, ही शीर घेऊ नये. दुसऱ्या पायातली बघतो. वीस मिनिटं द्या." सर्जन तरुण होते, खुर्चीच्या पायावर गाठी शिकलेल्यांपैकीच. बाहेर पुढचा रुग्ण आणून ठेवलेला. म्हणाले, "चालेल, हीच द्या." भावजींनी आणखी एकदा सांगितलं. "द्या म्हटलं ना!" मग दिली.

इथपर्यंत भावजींचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते त्यानंतर. ऑपरेशन झालं की त्याचा अहवाल असिस्टंट टाइप करतो आणि सर्जन खाली सही करतात. कॉम्प्युटरमध्ये तयार मसुदा असतो, त्यात फक्त नाव, वय, आकडे बदलायचे. बाकी वाक्यं तशीच्या तशी. त्यात एक वाक्य होतं, 'शीर चांगल्या प्रतीची, योग्य रुंदीची.' एकवीस वर्षांत ते वाक्य बदलायची वेळ क्वचितच आली असेल. त्या दिवशी पुढचा रुग्ण टेबलावर घेतलेला, हाक मारत होते. भावजींनी नाव बदललं, वय बदललं, आकडे बदलले आणि धावले. ते वाक्य तसंच राहिलं. एका तारखेसाठी लेकीचं पान परत करणारा हा माणूस, आणि नेमकं त्याच दिवशी!

तिसऱ्या दिवशी शिंपी गेला. तो नवा रस्ताच बंद पडला होता.

शिंप्याच्या बायकोने तक्रार केली. आरडाओरडा नाही, काही नाही. रोज येऊन बाकावर बसायची आणि दिसेल त्याला विचारायची, "चालत आलेला माणूस असा कसा जातो?" चौकशी समिती बसली. समितीसमोर अहवाल ठेवला. शीर चांगल्या प्रतीची, नोंद करणारा अमुक. भावजी म्हणत होते, मी तोंडी सांगितलं होतं. सर्जन म्हणाले, मला आठवत नाही. भूल देणाऱ्यांनी आणि नर्सने हात वर केले, मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही म्हणे. सही चालत नाही म्हणाले ना मी? पण चूक निघाली की नाव मात्र बरोबर चालतं.

लेक मागे उभी होती हे कुणाच्या गावीही नव्हतं. बघ्या मुलांची नावं रजिस्टरात नसायची. ती घरी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "आई, मी ऐकलंय. दोन्ही वेळा ऐकलंय. माझ्या नोंदवहीत लिहिलेलं आहे. परवा समितीपुढे जाते आणि सांगते."

त्या सर्जनच्या हातात हिची उमेदवारी, हिचे गुण. तिसरं वर्ष चालू होतं. बापाशिवाय वाढवलेली पोर. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी शाळेतून लवकर निघाले आणि थेट भावजींच्या खोलीवर गेले.

ते शर्टाला बटण लावत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "तिला यात ओढू नका."

"मी कुठे ओढतोय, वहिनी? ती स्वतःहून म्हणतेय."

"मग तुम्ही थांबवा. तुमचं आयुष्य झालंय अर्धं, तिचं अजून सुरू व्हायचंय."

हे मी बोलले. याच तोंडाने बोलले. त्यांनी सुई शर्टात खोचून ठेवली. मग म्हणाले, "ती माझं ऐकणार नाही. जे तिने ऐकलंय ते नाही कसं म्हणेल?"

"तुम्ही म्हणा नाही."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी दोरा तोडला, शर्टाची घडी घातली आणि म्हणाले, "बरं." मला वाटलं होतं भांडतील, ओरडतील. एवढंसं 'बरं' ऐकून मी खाली आले आणि घरापर्यंत कशी पोचले ते मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी सातला ते आले. लेक म्हणाली, "काका, उद्या मी येतेय समितीसमोर." ते म्हणाले, "कशाला? मी काही बोललोच नव्हतो. तुला भास झाला असेल." "काका, मी मागेच होते!" "पहिलाच आठवडा होता तुझा. गोंधळली असशील. शीर मला चांगली वाटली होती. माझी चूक झाली." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी समितीसमोरही त्यांनी हेच सांगितलं. तोच नाही म्हणतोय तर मी काय सांगू, असं म्हणून लेक गेलीच नाही.

नोकरी गेली. दुसऱ्या इस्पितळांनी आधीचं पत्र मागितलं, त्यात काय लिहिलेलं असणार? आता एका छोट्या दवाखान्यात आहेत, लोकांचा रक्तदाब बघतात आणि विम्याचे कागद भरतात. शिरा काढणारे हात! आणि संध्याकाळी सातला येणं बंद झालं, कारण आले की लेक उठून आत जायची. मला म्हणायची, "घाबरट निघाला गं काका. डॉक्टरांना घाबरला. आणि त्या शिंप्याच्या बायकोला काय तोंड दाखवलं असेल याने?" मी दोन वर्षं हे ऐकलं. ऐकून भाजी चिरत राहिले.

गेल्या शनिवारी तिच्या नेमणुकीचं पत्र हातात पडलं. तेच इस्पितळ, तोच विभाग. भावजींनंतर पायापाशी कायमचा माणूस मिळाला नव्हता, जागा रिकामीच होती. रविवारी सकाळी मी तिचा पांढरा कोट इस्त्री करत होते. ती म्हणाली, "काकाला सांगू नकोस हं. त्याच्या जागेवर उभी राहताना मला त्याची आठवणसुद्धा नकोय."

माझ्याच्याने राहवलं नाही. इस्त्री हातात धरूनच मी बोलले, "तो घाबरला नव्हता. मी सांगितलं होतं त्याला. तू गप्प राहावंस म्हणून मी जाऊन सांगितलं."

तिने येऊन इस्त्रीचं बटण बंद केलं. "म्हणजे तो माझ्यासाठी खोटं बोलला?"

"हो."

"आणि तू दोन वर्षं मला त्याला घाबरट म्हणू दिलंस?"

मी कोटाची बाही ओढून सरळ केली.

ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने पलंगाखालची बॅग ओढली आणि तिसऱ्या वर्षाची नोंदवही काढली. पान काढून माझ्यासमोर धरलं. गिचमिड अक्षर. 'शीर जाड, जागोजागी फुगलेली. सहायकांनी सर्जनना दोनदा सांगितले की ही घेऊ नये. सर्जन म्हणाले हीच द्या.' खाली कॉलेजच्या बाईंची महिनाअखेरीची सही. त्या कधी वाचत नाहीत, नुसत्या सह्या करतात.

"उद्या हजर व्हायचंय," ती म्हणाली. "आधी हे अधीक्षकांना देणार. याची एक प्रत शिंप्याच्या बायकोला देणार. मग ठेवलं कामावर तर राहीन."

"अगं, नोकरी जाईल!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, पुन्हा?"

एवढंच म्हणाली ती. मग मीच फोन घेतला आणि भावजींना लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना फोन करत होते. सगळं सांगितलं, एका दमात, मधे थांबलेच नाही.

"तुम्ही तिला सांगायला नको होतं, वहिनी," ते म्हणाले. "तिला म्हणावं राहू दे. जुनं झालं ते. नोकरी सांभाळ म्हणावं. मला आता सवय झालीय."

"ती नाही ऐकायची. तुम्हीच शिकवलंय ना तिला, भोगा आता."

ते थोडे हसले. मग त्यांनी हळूच विचारलं.

"वहिनी, पानावर तारीख घातलीय का तिने?"

मी वही जवळ ओढली, चष्मा नव्हता म्हणून खिडकीशी नेली आणि वरचा कोपरा बघितला.

"घातलीय," मी म्हणाले. "वेळसुद्धा घातलीय."

पलीकडे भावजी रडायला लागले, आणि मी फोन लेकीच्या हातात दिला.